गोळ्यांच्या आधीपासून

वहिनीला काय झालं होतं, असं कोणी विचारलं की मी "पोटाचा कॅन्सर" एवढं सांगतो आणि विषय बदलतो. डॉक्टर असल्यामुळे विषय बदलणं मला सोपं जातं. समोरच्याचंही काहीतरी दुखत असतंच, ते विचारलं की झालं. अशी बरीच वर्षं गेली. मग मी स्वतः आजारी पडलो, आजार वेळेत सापडला, त्यातून उठलो, आणि ओळखीचे लोक म्हणायला लागले की डॉक्टर, तुम्ही लिहा, रक्त कमी असणाऱ्यांना उपयोग होईल. लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की माझं लिहायचं तर वहिनीचं लिहावंच लागेल. तिला वगळून लिहिलं तर इतकी वर्षं जे केलं तेच पुन्हा केल्यासारखं होईल.

पूल

मी सत्तरी ओलांडलेला माणूस. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये माझा जनरल प्रॅक्टिसचा दवाखाना होता. तो आता डॉक्टर मेघा नावाची एक हुशार मुलगी चालवते. मी अंबरनाथ पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर एकटा राहतो. बायको जाऊन खूप वर्षं झाली, वहिनीच्याही आधी गेली ती. मुलगा बंगळूरला असतो. रविवारी त्याचा फोन येतो, आणि मी ठीक आहे म्हटलं की त्याला ते खरं वाटतं. त्यात त्याची चूक नाही. ठीक आहे असं म्हणण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

विठ्ठलवाडीला चष्मा दुरुस्तीला टाकला होता, तो आणायला गेलो होतो. स्टेशनचा पूल चढताना अर्ध्यावर पाय थांबले. दुखत काहीच नव्हतं. नुसती हवा पुरेना. कानात ठोके ऐकू यायला लागले. मी पायरीवर बसलो. शेजारी पालेभाजी घेऊन बसलेल्या बाईने मेथीची जुडी बाजूला सरकवली आणि म्हणाली, "आजोबा, टेका जरा. पानी पिनार का?"

"नको. जुना पूल बरा होता," मी म्हणालो. खरं तर जुना पूल जास्त उभा होता.

घरी येऊन आरशासमोर उभा राहिलो आणि स्वतःच्या डोळ्याची खालची पापणी खाली ओढली. हे मी आयुष्यभर दुसऱ्यांचं केलं. आतली बाजू लाल हवी, ती भिजलेल्या कागदासारखी पांढरी होती.

यावर एका डॉक्टरने काय करावं? रक्त तपासावं. मी खाली जाऊन मेडिकलमधून लोहाच्या गोळ्या आणल्या. वय झालं, एकटा माणूस, खिचडीशिवाय काही शिजवत नाही, तेव्हा रक्त कमी होणारच. शेकडो म्हाताऱ्यांना मी हेच सांगितलं होतं. आता स्वतःला सांगितलं आणि मलाही पटलं.

पहिले काही आठवडे बरं वाटलं. हे मुद्दाम लिहितो, कारण फसगत इथेच होते. गोळ्यांनी बरं वाटतंच. म्हणून माणूस पुढे बघत नाही.

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, बदलापूरला कुळगावात राहतो. ऐंशीच्या पुढे आहे. त्याचा रोज सकाळी फोन यायचा.

"काय खाल्लंस काल?"

"भाकरी, मेथी."

"खोटं बोलू नकोस. तुला भाकरी थापता येते का?"

"विकत मिळते हल्ली."

"आवाज बसलाय तुझा, अनंता."

"पंखा लावून झोपलो होतो."

पावसाळा संपेपर्यंत अशी टोलवाटोलवी चालली. आंघोळ करून आलो की पलंगावर बसून टॉवेल धरायचीही ताकद उरायची नाही. एकटं राहण्यातली अडचण अशी की तुम्ही किती फिके पडलात हे सांगायला घरात कोणी नसतं. आरशाला रोजची सवय झालेली असते.

माझंच टेबल

शेवटी मेघाकडे गेलो. दवाखान्याबाहेरच्या बाकावर पेशंटांबरोबर बसलो. नंबर आल्यावर तिने मला बघितलं आणि कसंनुसं झालं तिला.

"सर, तुम्ही बाहेर कशाला बसलात? आत यायचं ना सरळ. चहा सांगते."

मी चहाची वाट बघत खुर्चीत टेकलो आणि गप्पा मारल्यासारखं सांगायला लागलो. जरा थकवा आहे, वयच आहे, गोळ्या सुरू केल्यात. तिने हातातलं पेन खाली ठेवलं.

"चहा नंतर घेऊ सर. आधी टेबलावर झोपा."

"अगं, मला काय झालंय?"

"तेच बघायचंय. बूट काढा."

त्या टेबलावर मी इतक्या वर्षांत इतक्या लोकांना झोपवलं, पण स्वतः कधी आडवा झालो नव्हतो. वरचं छत पहिल्यांदा बघितलं. पंख्याच्या पात्यांच्या कडांना काजळी होती आणि कोपऱ्यात ओल होती. माझे पेशंट हे बघत पडायचे तर.

मेघाने पोट चाचपलं, नखं बघितली, जीभ बघितली आणि मग सरळ विचारत गेली. वजन उतरलं का? भूक कशी आहे? मूळव्याध आहे का? दुखऱ्या गुडघ्यासाठी गोळ्या खाता का, किती, उपाशीपोटी का? घरात कोणाला काही होतं का? मग म्हणाली, "शी काळी होते का?"

"लोहाच्या गोळ्या घेतोय, मेघा. होणारच."

"ते माहितीये सर. पण कधीपासून? गोळ्यांच्या आधीपासून, की गोळ्या सुरू केल्यावर?"

तिला वाटलं मी आठवतोय. मी आठवतच होतो, पण माझं नाही.

"मी बघितलंच नव्हतं," शेवटी म्हणालो. ते खरं होतं.

"बरं. रक्ताच्या सगळ्या तपासण्या करू. काही दिवस गोळ्या बंद ठेवून शी तपासू. आणि वरून, खालून, दोन्हीकडून दुर्बीण घालावी लागेल. सर, रागावू नका, पण तुमच्या वयाच्या पुरुषाच्या अंगातलं लोह असं आपोआप संपत नाही. ते कुठेतरी जातंय."

मी रागावलो नाही. इतकं साधं वाक्य मी किती जणांना म्हणायला हवं होतं, याची मनात मोजदाद सुरू झाली होती.

वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो. "रक्त कमी आहे" हे आजाराचं नाव नाही. ताप आहे म्हणण्यासारखं आहे ते. रक्त बनत नसेल, आतल्या आत फुटत असेल, किंवा कुठूनतरी वाहून जात असेल. यातलं कोणतं, हे शोधणं डॉक्टरचं काम. उल्हासनगरच्या माणसाला हे पटकन कळेल, कारण गच्चीवरची टाकी सारखी रिकामी होत असेल तर आपण रोज टँकर मागवत बसत नाही, पाइप कुठे गळतोय ते बघतो. माझ्या दवाखान्यात मात्र बरीच वर्षं टँकरच चालला. बायका यायच्या, पापणी बघायची, "रक्त कमी आहे" म्हणायचं, गोळ्या आणि लाल इंजेक्शन. त्या इंजेक्शनवर लोकांचा फार विश्वास. "डाक्टर साब, वो लाल वाली सुई दे दो, ताकत आती है." मी द्यायचो. बहुतेकींचं निभावलं. ज्यांचं नाही निभावलं त्या पुन्हा माझ्याकडे आल्या नाहीत, त्यामुळे मला कळलं नाही.

एकीचं कळलं.

वहिनी

वहिनी लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा मी शाळेत होतो. आई नव्हती. दादा कारखान्यात फिटर. तिने मला वाढवलं म्हटलं तर ती चिडायची. "वाढवलं काय, भाऊजी आपोआप वाढले, मी नुसती पोळ्या लाटत होते." मी मेडिकलला असताना पाठांतराला माणूस लागायचं. तिला इंग्रजी येत नव्हतं. ती पुस्तकातल्या हाडाच्या चित्रावर बोट ठेवून विचारायची, हे काय? मी नाव सांगायचो. चुकलो तर तिला कळायचं नाही, पण मी अडखळलो की कळायचं. "परत म्हणा," म्हणायची. अख्खा सांगाडा माझ्याकडून तिने असा घटवून घेतला.

मला ती कायम "भाऊजी" आणि "तुम्ही" म्हणाली. मी तिला "तू" म्हणायचो. एवढी माया, पण दीर-भावजयीमधलं अंतर आम्ही दोघांनी पाळलं. ते पाळायचं असतं अशीच आमची समजूत होती.

दादा निवृत्त झाला त्यानंतरची गोष्ट. दर रविवारी बदलापूरला जेवायला जायचा माझा नेम होता. एकदा वहिनी म्हणाली, "भाऊजी, हल्ली पाणी भरताना धाप लागते मला."

मी हॉलमध्ये, चहाचा कप हातात असताना, तिची पापणी खाली ओढून बघितली. म्हणालो, रक्त कमी आहे, गोळ्या देतो.

परक्या बाईला मी टेबलावर झोपवत होतो, पोट बघत होतो, पडदा ओढून प्रश्न विचारत होतो. घरच्यांसाठी मात्र टेबल नव्हतं. त्यांना हॉल, चहा आणि बॅगेतल्या गोळ्या. डॉक्टरांच्या घरात बहुतेक असंच चालतं. घरच्यांना वाटतं आपला डॉक्टर आहे, आपल्याकडे जास्त लक्ष असणार. खरं तर सगळ्यात कमी लक्ष त्यांच्याकडे असतं.

एकदा रक्त तपासलं. कमी होतं. गोळ्यांनी थोडं वाढलं, मग पुन्हा उतरलं. मी गोळ्यांची कंपनी बदलली, बरोबर टॉनिक दिलं. खजूर खा, नाचणी खा, भाजी लोखंडी कढईत कर, असं सांगितलं.

"कढई झाली, तवा झाला," वहिनी दादाला म्हणाली, "आता पुढच्या रविवारी खिळे परतून वाढते."

"घाल की लसूण जास्त," दादा म्हणाला. "दीर डॉक्टर आहे, खिळे फुकट देईल."

आम्ही तिघंही हसलो. ती बारीक झाली होती. जेवताना दोन घास खाऊन पोट भरलं म्हणायची. आम्ही म्हणायचो, वय झालं.

एका रविवारी दादा दही आणायला खाली गेला होता. वहिनी चहा गाळत होती. गाळणीकडे बघतच म्हणाली, "भाऊजी, एक सांगू का?"

"सांग ना."

"परसाकडं काळं होतं मला."

एवढं बोलायला तिला किती दिवस लागले असतील याची मला कल्पना आहे. आताच नाही, तेव्हाही होती. तिचे कान लाल झाले होते. मलाही अवघडल्यासारखं झालं. हे लवकर संपावं असं वाटलं.

"गोळ्यांनी होतं तसं, वहिनी. लोखंड असतं ना त्यात."

"डांबरासारखं होतं," ती म्हणाली.

आमच्या पुस्तकात नेमका हाच शब्द आहे. जठरात रक्त गेलं की शौचाला डांबरासारखं होतं, काळं, चिकट. गोळ्यांचं काळं वेगळं असतं. मेडिकलला शिकणाऱ्या पोरालाही हे माहीत असतं. मी तो शब्द ऐकला आणि म्हणालो, "काळजी करू नकोस. गोळ्या बंद करू नकोस फक्त."

"असं होय," ती म्हणाली, आणि साखरेचा डबा माझ्याकडे सरकवला.

कधीपासून, एवढंच विचारायचं होतं. माझी बायको असती तर वहिनी तिच्याशी बोलली असती, आणि तिने मला गप्प बसू दिलं नसतं. पण ती नव्हती, हे कारण होऊ शकत नाही. प्रश्न विचारणं माझं काम होतं.

ती काय म्हणाली

काही महिन्यांनी वहिनी ओट्याजवळ चक्कर येऊन पडली. हॉस्पिटलात नेलं. तिथला तरुण डॉक्टर तिची माहिती विचारत होता. दादा स्टुलावर बसला होता, मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो.

"शौचाला काळं व्हायचं का, काकू?"

"हो."

"कधीपासून?"

"गोळ्यांच्या आधीपासून," वहिनी म्हणाली.

"मग कोणाला सांगितलं नाही?"

तिने माझ्याकडे बघितलं नाही. अंगावरच्या चादरीची घडी नीट करत म्हणाली, "नाही. लाज वाटली."

दादा स्टुलावरून उठला. "अगं, घरात डॉक्टर आहे. दर रविवारी तुझ्या समोर बसून जेवतो. तोंड शिवलं होतं का तुझं?"

मी तिथेच उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं: दादा, तिने मला सांगितलं होतं. मी सलाइनची नळी वाकली नाही ना ते बघायला लागलो.

दुर्बिणीत जठराचा कॅन्सर निघाला. पसरला होता. आधी सापडला असता तर वाचली असती का, मला सांगता येणार नाही. कोणालाच येणार नाही. कदाचित वाचली असती. हा "कदाचित" माझ्या वाट्याचा आहे.

त्यानंतर जे झालं ते मला आजारापेक्षा वाईट वाटतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दादा सांगायचा, "दीर डॉक्टर, आणि ही बया गप्प बसली." दुष्टपणाने नाही बोलायचा तो. भीतीने बोलायचा. चूक कोणाची तरी असली की माणसाला जरा धरायला काहीतरी मिळतं. चिडला की तिच्या तोंडावरही बोलायचा, "आता कण्हून काय उपयोग? तेव्हा बोलायचं होतं." ती हसल्यासारखं करायची. पाहुण्यांसमोर मीही बसलेलो असायचो, आणि कोणीतरी मला म्हणायचं, डॉक्टर, तुम्ही तरी काय करणार, पेशंटने सांगितलंच नाही तर.

वहिनी गेली. दादा दरवर्षी तिच्या तिथीला अजून तेच वाक्य बोलतो.

माझा वॉर्ड

माझे रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन इतकं कमी होतं की मेघाने रिपोर्ट माझ्या हातात द्यायच्या आधी मला बसायला सांगितलं. शी तपासली, त्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त होतं.

खालच्या दुर्बिणीच्या आदल्या दिवशी एक पांढरं, खारट पाणी प्यावं लागतं, तांब्यामागून तांब्या. मग दिवसभर संडासात. पेशंटांना मी हे पाणी "प्या, काही होत नाही" म्हणून लिहून देत होतो. एकट्या माणसाने ते प्यायचं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं. दाराला आतून कडी लावली नाही. पडलो तर दार तोडावं लागू नये, म्हणून.

दुसऱ्या दिवशी "बरोबर कोण आहे?" असं काउंटरवरच्या मुलीने विचारलं. "भाऊ खाली चहा प्यायला गेलाय," असं मी ठोकून दिलं. तिने वर बघितलं. "काका, कोणीतरी लागतंच. गुंगीचं औषध असतं." मग दादाला फोन करावा लागला. तो शेअर रिक्षाने आला, धापा टाकत, इस्त्रीचा शर्ट घालून.

"लपवत होतास," तो म्हणाला. माझं घड्याळ आणि चष्मा स्वतःच्या खिशात ठेवला.

मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ होती. तिथली गाठ दुखत नाही, अडवत नाही, नुसती थेंब थेंब रक्त सांडत राहते. डॉक्टरने सांगितलं तेव्हा मला भीती वाटली, आणि भीतीच्या खाली आणखी एक भावना होती. ती लिहायला नको वाटतं, पण लिहितो. देणं फिटल्यासारखं वाटलं. लगेच स्वतःची लाज वाटली, कारण काहीच फिटलं नव्हतं.

ऑपरेशनच्या आधी रक्त चढवलं. कोणाचं ते माहीत नाही. पिशवीतून थेंब पडत होते आणि दुपारपर्यंत माझी नखं गुलाबी झाली. सिस्टर मल्याळी होती, तिने हात धरून दाखवलं, "देखो, कलर आया." त्या दिवसांतली ती एक चांगली गोष्ट.

शेजारच्या खाटेवर कॅम्प चारमधले एक सिंधी शेठ होते. त्यांचं कापडाचं दुकान, माझे जुने पेशंट. हर्नियासाठी आले होते.

"साईं, डाक्टर भी बीमार पड़ता है क्या?"

"पडता है."

"मेरी मम्मी को आप लाल सुई देते थे. नब्बे साल तक जी वो." त्यांनी दादाकडे बघून अंगठा वर केला. "आपका भाई एक नंबर डाक्टर."

"आहेच," दादा म्हणाला.

मी भिंतीकडे तोंड केलं.

ऑपरेशन नीट झालं. आतड्याचा तुकडा काढला, गाठ बाहेर पसरली नव्हती, केमो लागली नाही. आता ठरावीक दिवसांनी तपासायचं. मुलगा आला, आठवडाभर राहिला, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला, परत गेला. दादा रोज यायचा. पेज आणायचा, चमच्याने भरवायचा, सांडली की माझ्या हनुवटीवरून स्वतःच्या रुमालाने पुसायचा. एकदा पेज भरवताना म्हणाला, "तू तरी तोंड उघडलंस म्हणून बरं. तिने नाही उघडलं."

"दादा," मी म्हणालो.

"बोलू नकोस. टाके ओढतात."

मी तोंड उघडून पुढचा चमचा घेतला. इतक्या वर्षांत मी स्वतःला एक कारण देत आलो होतो की, खरं सांगितलं तर दादाला कळेल की तो मरणाऱ्या बायकोला विनाकारण टाकून बोलला. या वयात त्याला ते कशाला? हे कारण खोटं नाही. पण ते माझ्या इतक्या सोयीचं आहे की मला त्याचा भरवसा वाटत नाही. आणि दुसऱ्या बाजूला ती आहे. जी बोलली होती, तिच्या नावावर न बोलणं लागलं आहे. दादा जाईल, मी जाईन, आणि आमच्या घरात ती लाजेपायी मेलेली बाई म्हणून राहील.

बदलापूर

जिना चढता यायला लागल्यावर एका दुपारी मी कुळगावला गेलो. दादा पेपर वाचत होता. मी चप्पल काढली आणि खुर्चीत बसायच्या आधीच बोललो, कारण बसलो असतो तर चहा आला असता.

"दादा, वहिनीने मला सांगितलं होतं. शौचाला काळं होतं म्हणून. तू दही आणायला गेला होतास. मी म्हणालो, गोळ्यांनी होतं. हॉस्पिटलात ती माझ्यासाठी खोटं बोलली."

दादाने पेपर खाली ठेवला नाही. त्याची एकेक घडी घालायला लागला.

"तिने सांगितलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे मी तिला उगाच बोलत होतो."

"चूक माझी होती. तुला माहीत नव्हतं."

"मला माहीत नव्हतं. पण बोलत मीच होतो ना." त्याने चष्मा काढला. "ती ऐकून घेत होती. तुझ्यासमोर."

"हो."

"आणि तू बसून होतास."

मला वाटलं होतं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "दादा, मला माफ कर."

"मी कशाला?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "तिची मागितलीस का कधी? तिला वेळ होता की शेवटी. तू तर रोज यायचास."

दादा उठून आत गेला. आतून नळाचा आवाज येत राहिला. थोड्या वेळाने मी दार ओढून घेतलं आणि खाली उतरलो. तेव्हापासून सकाळचा फोन येत नाही. मी करतो, तो उचलतो, "बरा आहे" म्हणतो आणि ठेवतो.

त्याला जे सांगू शकलो नाही ते इथे लिहितो.

वहिनी जायच्या थोडे दिवस आधीची दुपार होती. मी पलंगाशेजारी बसलो होतो. तिने दादाला हाक मारली आणि म्हणाली, "अहो, शहाळं आणता का? स्टेशनजवळचं. इकडचं गोड नसतं." दादा पिशवी घेऊन गेला. तिला पाण्याचा घोटही जात नव्हता तेव्हा. दाराची कडी लागल्याचा आवाज झाला आणि तिने मान माझ्याकडे वळवली. नुसती बघत राहिली, रागाने नाही. मी अडखळलो की पूर्वी जशी थांबायची, तशी थांबली होती.

मला कळलं होतं तिने दादाला का पाठवलं. तोंडात शब्द आलेही होते. मी बॅग उघडली, पट्टा काढला, तिच्या दंडाला गुंडाळला आणि ब्लड प्रेशर बघितलं.

"छान आहे," मी म्हणालो.

"बरं," वहिनी म्हणाली, आणि पट्टा सोडायला सोपं जावं म्हणून तिने हात जरा वर धरला.